कायद्यात बसणारं दुकान

आमच्या गल्लीत तिला सगळे दाभण म्हणायचे. सोफे आणि खुर्च्या शिवायचं तिचं दुकान होतं. हातात कायम ती जाड सुई, आणि जीभही तशीच. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणायची, "फुकटात बसायचं तर जमीन आहे की!" हे नाव तिला कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण तिला ते आवडायचं.

तिला एक धाकटी बहीण होती. दोघींत काडीचं साम्य नव्हतं. दाभण उंच, हाडकुळी, तिखट. धाकटी गुबगुबीत आणि हसरी, डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ताईच्या दुकानात यायची, फोमच्या थप्पीवर चढून बसायची आणि पेशंटांच्या नकला करायची. समोरच माझं फोटोंच्या फ्रेमांचं दुकान, त्यामुळे मलाही त्या फुकट बघायला मिळायच्या.

धाकटीचं लग्न फसलं. नवरा बाहेर साखरेसारखा, घरात हात उचलणारा. शेवटी ती कपड्यांची बॅग घेऊन ताई आणि आईकडे राहायला आली. तो रस्त्यात गाठून धमक्या द्यायला लागला. पोलिसांनी त्याला बोलावलं, दम दिला, सोडलं. मग कुणीतरी धाकटीच्या कानावर घातलं, की तो बाजारातल्या बंदुकीच्या दुकानात चौकशी करून आलाय. आमच्याकडे तेव्हा ओळखपत्र दाखवलं आणि नावावर गुन्हा नसला, की बंदूक लगेच हातात मिळायची. धाकटी एकटीच त्या दुकानात गेली.

"ताई, मी त्यांना याचा फोटो दाखवला," ती संध्याकाळी सांगत होती. "म्हटलं, हा माणूस आला तर काही देऊ नका, हा मला मारणार आहे."

"मग?"

धाकटीने चष्मा नाकाच्या टोकावर ओढला आणि बंदूकवाल्याचा आवाज काढला. "हे बघा ताई, नवरा-बायकोच्या भांडणात आम्ही पडत नाही. गुन्हा नोंदलेला नाही ना? मग कायद्यात बसतं."

नक्कल इतकी झकास होती, की दाभणला हसू आलं. ते हसू तिने स्वतःला कधीच माफ केलं नाही.

पुढच्याच आठवड्यात नवऱ्याने सकाळी त्याच दुकानातून पिस्तूल घेतलं आणि दुपारी झाडलं. धाकटी एका म्हाताऱ्या पेशंटसाठी दवाखान्याचं दार धरून उभी होती. ती दारातच गेली.

नवरा तिथल्या तिथे पकडला गेला, जन्मठेप झाली. खटल्यात बंदूकवाला साक्षीला आला होता. माणूस मवाळ, कपडे नीटनेटके. विक्री कायद्यात बसत होती, असं त्याने सांगितलं आणि न्यायाधीशांनाही ते मान्य करावं लागलं. मागच्या बाकावर बसलेल्या मायलेकींकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. बाहेर पडताना घड्याळ बघितलं, दुकान उघडायचं होतं ना.

"तो नवरा आता मेल्यात जमा आहे," दाभण मला म्हणाली. "पण हा? हा घरी जाऊन पोटभर जेवला असेल."

त्यानंतर ती दिवसरात्र शिवत बसायची. सुई कापडात अशी खुपसायची, की बघवत नसे. आणि एक दिवस काम अर्ध्यावर टाकून ती उठली आणि थेट बाजारात गेली.

बंदुकीचं दुकान दागिन्यांच्या पेढीसारखं होतं. काचेची कपाटं, पिवळे दिवे, गिऱ्हाइकासाठी गुबगुबीत खुर्ची. खुर्चीची शिवण उसवत आलीय हे तिच्या नजरेने टिपलंच. बंदूकवाल्याने तिला ओळखलं नाही.

"कशासाठी हवी ताई? घरासाठी, की पर्समध्ये बाळगायला?"

"एका माणसाला मारायचंय."

तो हसला. "अहो, राग कुणाला येत नाही? ही बघा, हलकी आहे. बायकांच्या हाताला छान बसते."

तिचं ओळखपत्र बघितलं, गुन्हा नाही याची खात्री केली, पिस्तूल डब्यात घातलं आणि विचारलं, "पिशवी देऊ का?"

"तो एकदा जरी थांबला असता ना," तिने मला पुढे सांगितलं, "एकदा जरी विचारलं असतं, की बाई काय बोलताय, तर मी उठून घरी आले असते."

पिस्तूल तिने अर्धवट भरलेल्या एका सोफ्याच्या पोटात लपवलं. रोज सकाळी ती बाजारातल्या बसथांब्यावर जाऊन उभी राहायची आणि त्याला शटर वर करताना बघायची. तो वाकला की पाठ उघडी पडते, हे तिने हेरून ठेवलं होतं.

पण तिने काही करण्याआधीच आईला पिस्तूल सापडलं. आई म्हातारी, गुडघ्यांनी अधू, पण बसल्या जागी कापूस पिंजून द्यायची. सोफ्यात हात घातला आणि ते हाताला लागलं. तिने ते मांडीवर ठेवलं आणि लेकीला हाक मारली.

"कुणासाठी आणलंस?"

"दुकानदारासाठी."

"त्याच्याच दुकानातून?"

"हो."

आई रडली नाही, शपथ घातली नाही. ती म्हणाली, "मारू नकोस. तो एका फटक्यात सुटेल. वर लोक त्याच्यासाठी हळहळतील, बिचारा म्हणतील. तो बिचारा झालेला मला चालणार नाही. त्याचं दुकान जाऊ दे. त्याने जिवंत राहावं आणि ते डोळ्यांनी बघावं."

त्या दिवशी दाभणला कळलं, की आपली धार कुणाकडून आलीय.

ती पिस्तूल घेऊन पोलीस चौकीत गेली. तिथला अंमलदार गोंधळला. "परत कशाला करताय? तुमचंच आहे, कायदेशीर आहे." तिने ते टेबलावर ठेवलं आणि चालायला लागली.

बंदुकांचा कायदा कडक करायचा एक प्रस्ताव तेव्हा सरकारदरबारी धूळ खात पडला होता. पैसे भरले तरी काही दिवस बंदूक हातात द्यायची नाही, घरच्यांची तक्रार असेल तर आधी चौकशी, आणि सावध केल्यावरही विकली तर दुकानाचा परवाना रद्द. दाभणला त्यातलं शेवटचं कलम तेवढं पाठ झालं. ती लोकप्रतिनिधींच्या दारात ठाण मांडून बसू लागली. एक जण म्हणाले, "बाई, विषय फार नाजूक आहे." ही म्हणाली, "माझी बहीणही नाजूकच होती, साहेब."

गल्लीतले सगळे तिच्या बाजूने नव्हते. टोकाच्या घरात राहणारी नर्स एकटी होती, निर्जन रस्त्याने घरी यायची. ती एकदा तावातावाने आली. "मला उद्या भीती वाटली तर मी काय करायचं? चौकशी संपेपर्यंत चोराला थांब म्हणून सांगू?"

दाभणने सुई खाली ठेवली. "तुझं खरं असेल. पण त्या चौकशीत माझी बहीण जगली असती."

नर्स तशीच निघून गेली. दोघींचं बोलणं कमीच झालं त्यानंतर.

शेवटी त्या प्रस्तावावर सरकारी समितीपुढे सुनावणी झाली. विक्रेत्यांच्या वतीने बोलायला बंदूकवालाच आला होता. आमचा धंदा जबाबदारीचा आहे, असं त्याने छान समजावून सांगितलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "मला एका माणसाला मारायचंय, असं कुणी म्हणालं, तरी विकाल?"

"असं कोण म्हणेल, मॅडम?"

"मी म्हणाले," दाभण मागून उठली. "तुम्ही पिशवी देऊ का म्हणालात."

त्याने वळून पाहिलं. या वेळी ओळखलं. पुन्हा अध्यक्षबाईंकडे वळून म्हणाला, "रागात लोक काहीही बोलतात हो. ती विक्री कायद्यात बसत होती."

अध्यक्षबाईंनी ते वाक्य तसंच लिहून घ्यायला सांगितलं. बाहेर आल्यावर त्याने तिला गाठलं. "मी तुमचं काय वाकडं केलं होतं? एक नियम मोडला नाही मी आजवर."

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणून तर नियमालाच हात घालावा लागला."

कायदा झाला. बंदूकवाल्याने आधी दुर्लक्ष केलं. मग एका बापाने माझ्या मुलाला काही देऊ नका म्हणून बजावलेलं असतानाही त्याने त्या मुलाला बंदूक विकली. नशीब, गोळी भिंतीत गेली. परवाना गेला.

लोक दाभणचा सत्कार करायला निघाले. दुःखातून समाजसेवा वगैरे भाषणं तयार होती. तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं. "सेवा-बिवा काही नाही. मला त्याला बुडवायचा होता."

दुकान रिकामं होत होतं त्या दिवशी ती आईला रिक्षाने बाजारात घेऊन गेली. मीही गेलो होतो. समोरच्या हॉटेलात खिडकीजवळचं टेबल धरलं. हमाल काचेची कपाटं उचलून टेम्पोत चढवत होते आणि बंदूकवाला घामाघूम होऊन "सांभाळून, सांभाळून" करत होता.

"आता मन शांत झालं का?" मी विचारलं.

दाभणने चहा बशीत ओतला. "नाही," ती म्हणाली. "पण आजचा चहा गोड लागतोय."

मी उठायला लागलो तशी आईने माझा हात धरून खाली बसवलं. "थांब रे, घाई काय आहे? आत अजून दोन कपाटं आहेत."