साक्षीदाराचा शब्द

शिकारीतली खरी मजा शिकारीच्या आधी असते, असं आमच्या घरातला प्रत्येक पुरुष सांगायचा; आणि त्यांतल्या एकानेही आयुष्यात ससासुद्धा मारलेला नव्हता. बंदुका आज्जांच्या काळातच गेल्या. कायदा आला, शिकार बंद झाली. पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहून भाकरीच्या जागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे आले, तरी आपण मराठे आहोत हे आज्जा विसरायला तयार नव्हते. त्यांनी तोड काढली. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी कनकपुरा रस्त्यावरच्या आमच्या शेतात एक गावठी कोंबडा सोडायचा आणि सगळ्या घराने त्याची शिकार करायची. काठी नाही, जाळं नाही, कुत्रं नाही, नुसत्या हातांनी. जो पकडेल त्याच्या डोक्याला आज्जांचा फेटा बांधायचा आणि ताटात कोंबड्याचं काळीज वाढायचं.

हसा खुशाल. मी त्या रविवारची वर्षभर वाट बघायची. बसवनगुडीहून सकाळी टेम्पो निघायचा, वाटेत ताटलीएवढी तट्टे इडली मिळायची. शेतात पोचलं की बोलायची बंदी. घाणेरीच्या जाळीत पोटावर सरपटायचं, कोपरं सोलून निघायची, नाकात पाल्याचा उग्र वास बसायचा. एरवी ‘पाय जवळ घेऊन बस’ म्हणून मागे लागणारी आई तिकडे चुलीपाशी मसाला वाटत असायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. त्या दोन-तीन तासांत मी कुणाची मुलगी नसायची, शिकारी असायची. तेवढं सुख मला नंतर क्वचितच मिळालं.

आज्जा गेल्यावरही त्यांचा एक नियम फार कडक पाळला जायचा. जुन्या दिवसांत गोळी कुणाची लागली यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नसत म्हणे. म्हणून पकडताना पाहणारा साक्षीदार हवा आणि त्याचा शब्द शेवटचा. त्यावर कुणी वाद घालायचा नाही. साक्षीदार खोटं बोलेल अशी शंका आज्जांना कधी आलीच नसावी.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा पंपाच्या खोलीमागे कोंबड्याला कोपऱ्यात गाठलं आणि त्याचे दोन्ही पाय धरले. त्याने मनगटावर चोच मारून रक्त काढलं, तरी सोडला नाही. चार पावलांवर अप्पा, माझे वडील, उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. “भले!” म्हणाले आणि हसले. इतक्यात दोड्डप्पांचा, म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावाचा मुलगा धावत आला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा; मी त्याला अण्णा म्हणते. “दे इकडे, सुटेल तुझ्या हातनं,” म्हणाला. मी दिला. तो कोंबडा डोक्यावर धरून चुलीकडे ओरडत पळाला, “मी धरला! मी धरला!”

मी मागून ओरडत गेले. दोड्डप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि अप्पांना विचारलं, “काय रे, तू बघितलास?”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “बघितलो की. पोरानंच धरला.”

फेटा बांधला गेला, फोटो निघाला. मी हौदावर मनगट धूत बसले होते. जेवले नाही, तर आई म्हणाली, एवढ्याशा गोष्टीवरून ताटावर राग काढू नये.

मोठी होत गेले तशी मीच अप्पांची वकिली करायला लागले. आम्ही दोड्डप्पांच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो, अप्पा त्यांच्याच छापखान्यात कामाला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. थोरल्या भावासमोर त्याच्या मुलाला खोटं पाडायची हिंमत बिचाऱ्यांना झाली नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती पंचवीस वर्षं टिकली.

आता त्या शेतावर घरं उभी आहेत. दोड्डप्पा गेले. अण्णा ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला, आणि अप्पा गेली आठ वर्षं महादेवपुऱ्यात माझ्या फ्लॅटमध्ये राहतात. यंदा दसऱ्याला अण्णा आला होता. मी त्याला जेवायला बोलावलं. जेवताना त्याने माझ्या मुलीला फोनवर तो फेट्यातला फोटो दाखवला आणि शिकारीची गोष्ट रंगवून सांगितली. मुलीने विचारलं, “आजोबा, तुम्ही खरंच बघितलं होतं?”

“होय की,” अप्पा म्हणाले आणि रस्सा मागितला.

मी वाढला. अण्णा गेल्यावर ताटं उचलताना मात्र राहवलं नाही. “अप्पा, आता तर दोड्डप्पाही नाहीत. अजून कुणाला भिता?”

त्यांना खरोखर नवल वाटलं. “भ्यायचं काय गे त्यात? मी खरं सांगितलो असतो तर तुझे दोड्डप्पा त्यालाच दोन ठेवून दिले असते. तसला माणूस नव्हता तो.”

“मग?”

“तू लग्न होऊन जाणार होतीस. घराचं नाव त्यानं चालवायचं होतं. फेटा पोराच्या डोक्यावर पाहिजे, नाही का? स्वल्प विचार कर की.”

एवढं बोलून त्यांनी दुपारच्या गोळ्यांसाठी हात पुढे केला. मी गोळ्या दिल्या, पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी त्यांना भित्रे समजून माफ करत आले होते. भित्रा बाप मला चालला असता.