अर्ध्या सुताचा संशय

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या मोजमापात मान्य केलेली नाही, आणि त्यात त्यांची बायकोही आली. मुलगी पाच फूट दोन इंच आहे असं मध्यस्थाने कळवलं होतं. हे पाहुणे म्हणून आले, पोहे खाता खाता बैठकीच्या दाराकडे बघत बसले, आणि मुलगी आत जाताना दाराच्या कडीपाशी क्षणभर थांबली तेवढ्यात त्यांनी नजरेनेच माप घेतलं. निघताना सासऱ्यांना बाजूला घेऊन अतिशय आदराने विचारलं, "ही कडी जमिनीपासून किती वर बसवलीय?" सासरे बिचारे गोंधळले, पण टेप आणून मोजली. मुलगी पाऊण इंच कमी भरली. "चालंल," साडू म्हणाले, "टॉलरन्समधी हाय." अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, हे ऐकून आत हसली की रडली याबद्दल सासुरवाडीत अजून दोन मतं आहेत. लग्न मात्र झालं आणि चांगलं टिकलं. आमच्या घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात, बायकोचं ऐकून मीही म्हणतो.

दाजी मूळचे कुरुळीचे. शेत थोडं भावकीत गेलं, थोडं गोदामाखाली गेलं, आणि दाजी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत लागले ते रिटायर होईपर्यंत इन्कमिंग इन्स्पेक्शनला राहिले. बाहेरून आलेला माल मोजायचा आणि मापात नसेल तर लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. पगार दिला नसता तरी त्यांनी ते केलं असतं. रिटायर झाल्यावर चिठ्ठ्या संपल्या, संशय तेवढा शिल्लक राहिला आणि तो आता सगळ्या जगाच्या वाट्याला आला. दवाखान्यात गेले की वजनकाट्यावर स्वतः चढण्याआधी पिशवीतून आणलेलं पाच किलोचं लोखंडी माप ठेवून बघतात. डॉक्टरांनी त्यांना जड उचलू नका असं सांगितलं आहे, ते याच मापामुळे. चऱ्होलीला आमच्या नव्या इमारतीत ते पहिल्यांदा आले तेव्हा लिफ्टमधली पाटी त्यांनी मोठ्याने वाचली, आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. "म्हंजे माणशी अडुसष्ट," दाजी म्हणाले. "तुमच्या बिल्डिंगीत अडुसष्टचा एक माणूस दाखवा मला." तेव्हापासून ते पाच मजले जिन्याने चढतात, आणि वर आल्यावर धापा टाकत मलाही जिन्यानेच यायचा सल्ला देतात.

पण त्यांच्या संशयाचं खरं माहेर म्हणजे सायकलची चेन. त्यांच्याकडे काळी, उंच दांड्याची सायकल आहे. तिला दोन कुलपं लागतात आणि दोन्ही किल्ल्या बनियनच्या खिशात राहतात. दर रविवारी कुरुळीहून आळंदीमार्गे ते या सायकलवरून आमच्याकडे जेवायला येतात. आल्यावर पाणी पिण्याआधी सायकल भिंतीला टेकवतात आणि चेनवर नखाने एक टिचकी मारतात, आवाज ऐकतात आणि मगच वर येतात. चेनबद्दल त्यांनी मला जे शिकवलं ते मी कॉलेजातही शिकलो नव्हतो, आणि हे कबूल करणं जड जातं, कारण मी ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नेमका हाच विषय शिकवतो. चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत. चेन जुनी झाली की ही लांबी वाढते. मी एकदा "चेन ताणली जाते" असं म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझी पदवी परत करावीशी वाटली. "लोखंड काय रबर हाय का, ताणायला? पिना झिजत्यात. एकेक पिन केसभर झिजती आन समद्यांची झीज मिळून लांबी वाढती." ही वाढ ते सुतात मोजतात. सुतार-फिटर लोकांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चेन अर्धं सूत वाढली की बदलायची. त्याच्यापुढे गेली की ती एकटी झिजत नाही, मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, म्हणजे फ्रीव्हीलचे, दातेही खाते, आणि मग फ्रीव्हीलही बदलावं लागतं. आमच्या दोघांचं सूत जमायला दहा वर्षं लागली, ती हे अर्धं सूत समजण्यात गेली.

दुकानदारांवर त्यांचा विश्वास असण्याचा प्रश्नच नव्हता. चाकणच्या एका दुकानदाराने चेन बघून सांगितलं, चेन, चक्र, फ्रीव्हील सगळा सेटच बदला. दुसऱ्याने सांगितलं, अजून दोन वर्षं बघू नका. "पहिला धंद्याला बसलाय," दाजी म्हणाले, "दुसरा मला पाडायला." आणि संशय फक्त स्वतःच्या चेनपुरता असता तरी चाललं असतं. आळंदी रस्त्यावर रविवारी सकाळी आयटीतली मंडळी घट्ट कपडे घालून सायकली पळवतात आणि एका टपरीवर पोह्यांना थांबतात. दाजी तिथे थांबून भिंतीला लावलेल्या त्यांच्या सायकलींपाशी उकिडवे बसायचे आणि पुढच्या चक्रावरची चेन दोन बोटांनी ओढून बघायचे. चेन उचलली जाऊन खालचा दाता उघडा पडला की चेन संपली. एकदा एका धिप्पाड तरुणाने मागून येऊन विचारलं, "काका, काय करताय?" दाजींनी मान वर न करता सांगितलं, "रिजेक्ट." तो तरुण आधी चिडला, मग त्याने चेन बदलली, मग दर रविवारी दाजींना नमस्कार करायला लागला. दाजींना तो नमस्कारही संशयास्पद वाटायचा.

गेल्या वर्षी आळंदी फाट्याच्या अलीकडे रंग न मारलेला एक स्पीडब्रेकर त्यांना दिसला नाही आणि ते पडले. लागलं थोडंच, कोपराला आणि अभिमानाला. पण हिंजवडीत नोकरी करणारा त्यांचा मुलगा त्याच दिवशी आला आणि म्हणाला, "बाबा, सायकल बंद. रस्त्यावर कंटेनर केवढे आहेत, तुम्हाला दिसत नाही आता." दिसत नाही हा शब्द दाजींच्या फार खोल लागला. ज्या माणसाने तीस वर्षं डोळ्यांवर भाकरी कमावली त्याला हे सांगणं म्हणजे काय हे मुलाला कळलं नसावं. मग दाजींनीच अट घातली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते स्टीलच्या पट्टीने चेन मोजतील. आकडा बरोबर आला तर नजर शाबूत, सायकल चालू. चुकला तर सायकल ते स्वतः सोडतील, कोणी सांगायची गरज नाही. आता आकडा बरोबर आला हे ठरवणार कोण? मुलाचा बापावर विश्वास नव्हता, बापाचा मुलावर नव्हता. दोघांनी मला नेमलं. कंपनीच्या भाषेत मी थर्ड पार्टी इन्स्पेक्शन झालो. दाजी मोजणार, आकडा सांगणार, मग मी मोजणार आणि जुळतंय की नाही ते सांगणार. "आन मी तुमच्यामागं परत मोजनार," दाजींनी बजावलं. मला त्यात काही अपमान वाटला नाही.

पहिले काही महिने छान जुळलं. चेन नवी होती, केसभर वाढत वाढत पाव सुतावर आली. मग पुढच्या महिन्यात दाजी म्हणाले, पाव सूत. त्याच्या पुढच्या महिन्यातही पाव सूत. आणि तिसऱ्या महिन्यात पार्किंगमध्ये चेनवर पट्टी धरून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, "राव, ही चेन झिजायची थांबलीय. ह्ये शक्य न्हाई. कुनीतरी चेन बदलतंय." कोण बदलणार, असं मी विचारलं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. "पोरगा. म्हंजे मला वाटावं, की माझंच डोळं गेलं." मी हसत हसत पट्टी घेतली आणि चेनला लावली. चेन पाऊण सुताच्याही पुढे गेली होती. मी पुन्हा लावली. तेवढीच. मी वर बघितलं तर दाजी चेनकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती बघितली. मी म्हणालो, "जुळतंय. पाव सूत."

मग एक गोष्ट झाली जी कधीच झाली नव्हती. त्यांनी माझ्यामागे परत मोजलं नाही. पट्टी पुसली, पिशवीत ठेवली आणि वर येऊन अक्काला फोनवर सांगितलं, "साडू म्हनत्यात म्हंजी बरोबर आसंल." मला ते वाक्य जेवताना घशाखाली उतरेना. एवढी झिजलेली चेन चढावर तुटली आणि मागून कंटेनर असला तर काय, हे डोळ्यांसमोर यायला लागलं. तेव्हा मला एक शहाणपण सुचलं. दाजी जेवून आडवे झाले तसं मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला बोलावलं. चेन बदलायला कुलूप उघडावं लागत नाही. नवी चेन घातली, जुन्या चेनचं काळं तेल आणि धूळ तिला चोपडून तिला म्हातारी केली, आणि जुनी चेन गच्चीत कुंडीमागे दडवली. म्हणजे ज्या कटाचा त्यांना संशय होता तो अस्तित्वात नव्हता, तो मी स्वतः करून दाखवला. चार वाजता चहा पिऊन दाजी निघाले तेव्हा मी मनातून स्वतःची पाठही थोपटली.

तासाभराने ते परत आले. सायकल हातात धरून, चालत. मी खाली गेलो तर ते पार्किंगच्या कट्ट्यावर बसले होते, घाम पुसत नव्हते, रागावलेलेही नव्हते. बॅच का नापास झाली ते सांगताना बोलायचे तसे बोलत होते. "इंद्रायणीच्या पुलाच्या चढावर पॅडल दाबलं की चेन उडती. खट्, खट्. नवी चेन जुन्या दात्यांवर बसत न्हाई, म्हनून उडती. म्हंजे ही चेन नवी हाय. म्हंजे जुनी एवढी झिजली व्हती, की तिनं फ्रीव्हील खाल्लं. म्हंजे पाव सूत न्हवतं. म्हंजे मला दिसत न्हाई." ते थांबले. "आन तुमाला दिसत व्हतं." वर्षानुवर्षं फळ्यावर चेन आणि दाते काढणाऱ्या मला ही साधी गोष्ट आठवली नव्हती, आणि ज्यांची नजर गेली त्यांच्या तळपायाला ती कळली होती. मी म्हणालो, "दाजी, चुकलं माझं. तुमची सायकल जाऊ नये म्हणून बोललो." त्यांनी मान हलवली. "ते समजलं. माणूस मायेपायी खोटं बोलतो." मग विचारलं, "कितींदा?"

"एकदाच," मी म्हणालो. ते बघत राहिले. तीस वर्षं माल आणि तो आणणाऱ्यांची उत्तरं तपासलेल्या माणसाने नुसतं बघत राहिलं की खरं बाहेर येतं. मला सांगावं लागलं, की आधीचे दोन महिने मी चेनला पट्टी लावलीच नव्हती. एकदा मॅच चालू होती, एकदा ऊन फार होतं. दोन्ही वेळा मी पट्टी हातात धरून नुसतं वाकलो आणि जुळतंय म्हणालो. दाजींचा चेहरा पडला तो तेव्हा. खोट्याने पडला नव्हता. "न बघता पास केलं?" एवढंच ते म्हणाले, आणि त्यांनी बनियनच्या खिशातून दोन्ही किल्ल्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. अट म्हणजे अट. ते आळंदीपर्यंत रिक्षाने आणि पुढे बसने गेले. मी सोडायला निघालो होतो, त्यांनी नको म्हटलं.

पुढचं सगळं चांगलंच झालं, तसं बघायला गेलं तर. मोतीबिंदू निघाला. एवढी वर्षं चाललेल्या भिंगाला लाल चिठ्ठी लावायला ते चटकन तयार झाले, याचं सगळ्यांना नवल वाटलं. फक्त ऑपरेशननंतर त्यांनी डॉक्टरांकडे जुनं भिंग मागितलं. ते आतल्या आत फोडून ओढून घेतात, देता येत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं, तरी "जुना पार्ट परत दिला न्हाई" ही तक्रार ते भेटेल त्याला सांगतात. नवा चष्मा लागला. मुलाने समोर बसून पट्टीवरची बारीकातली बारीक रेघ वाचून घेतली आणि सायकल परत दिली. फ्रीव्हील नवं बसवलं. दाजी पुन्हा रविवारी येतात, लिफ्टला नावं ठेवतात, जिना चढतात आणि पोळ्या मोजून खातात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजणीही होते. दाजी मोजतात, आकडा सांगतात, आणि मग माझी बायको चष्मा लावून, श्वास रोखून मोजते, कारण आता ते काम तिच्याकडे दिलं आहे. मला त्यांनी कधी काही बोलून दाखवलं नाही. पूर्वीसारखंच हसतात, राव म्हणतात, माझ्या ताटात आग्रहाने वाढायला लावतात. तेवढा वेळ मी वर चहा ठेवतो आणि खिडकीतून बघतो. दोघं सायकलपाशी वाकलेले असतात आणि दाजी तिच्यामागे परत मोजत असतात. माझ्यामागे त्यांनी एकदाच मोजलं नव्हतं. मला फार वाटतं, खाली जावं आणि म्हणावं, दाजी, एकदा पट्टी द्या माझ्याकडे, या वेळी नीट बघतो. अजून तेवढं धाडस झालेलं नाही.