अड्याळला न थांबलेली जीप

माझ्या लग्नाची बोलणी तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात झाली.

आम्ही कारध्याचे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बाबांनी लिलावात घेतलेली एक जुनी जीप घरी होती. तिच्या स्टिअरिंगजवळ एक बटण होतं. ते दांडीसकट बाहेर ओढलं की रेस तेवढीच कायम राहायची; पाय काढून घेतला तरी गाडी आपल्या चालीनं धावायची. आत ढकललं की पुन्हा शांत. या जीपमधलं मला सगळं कळतं, असं मी मानत असे. (मानणारा मी एकटाच होतो.)

अड्याळला मुलगी पाहायला निघालो. शेजारी आई, मागे मामा, नवंकोरं धोतर नेसून. वाटेत मारुतीच्या देवळापाशी आईने नारळ फोडायला थांबवलं. बंद केलेली जीप धक्क्याशिवाय उठत नसे, म्हणून मी बटण ओढून इंजिन चालूच ठेवलं. पुढे रस्ता सरळ लागला. बटण तसंच राहू दिलं आणि मी ऐटीत मांडी घातली.

"मामा, पाहा! पाय न लावता चालून राहिली!"

"पाय न लावता थांबते का बे?" मामांनी विचारलं.

अड्याळ आलं. मुलीचे वडील दारात हात जोडून उभे होते. मी रुबाबात बटण आत ढकललं. हललंच नाही! तळहाताने ठोकलं. छे! क्लच दाबला, तर इंजिन असं बोंबललं की दारातली बकरी दावं तोडून पळाली. घाबरून मी क्लच सोडला आणि आम्ही यजमानांसमोरून भर्रकन निघून गेलो. आईने तेवढ्यात चालत्या गाडीतून नमस्कार करून घेतला.

"अरे, घर मागं गेलं ना!"

"गेलं, आई."

"काहून गेलं?"

"चाबी बंद कर ना बे!" मामा ओरडले.

"मंग धक्का कोन मारन?"

मामांनी धोतराकडे पाहिलं. "चालू दे मंग."

तळ्याला वळसा घालून परत आलो. आता मुलीचे वडील रस्त्यावरच आले होते. जीपबरोबर धावत त्यांनी विचारलं, "पोरगी न पाहताच नापसंत केली का जी?"

मला फक्त रडू यायचं बाकी होतं. फोटोतली ती मुलगी मला फार आवडली होती, आणि मी तिच्याच बापाच्या तोंडावर धूळ उडवत होतो!

"आवडली जी! लय आवडली! थांबता येऊन नाई राहिलं!"

पुढच्या फेरीला मी चावी फिरवली, ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो, आणि जीप त्यांच्या अंगणातल्या तणसाच्या ढिगात नाक खुपसून गप्प झाली.

आता अब्रू वाचवायची तर ज्ञान दाखवणं भाग होतं. मी बॉनेट उघडून जाहीर केलं, "कार्बोरेटर हाये!" मग स्प्रिंगवर संशय घेतला. मग वायरवर. सुटे झालेले भाग पाहुण्यांसाठी अंथरलेल्या सतरंजीवर मांडत गेलो. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, तेव्हा माझं तोंड काळं आणि केसांत तणस होतं. तिने बशी मामांच्या हातात दिली आणि जीपमध्ये डोकावली.

"बटनाले मुंग्या काहून लागल्या जी?"

"मी परसाद भरवला ना तिले!" आई कौतुकाने म्हणाली. "देवळापाशी जीभ बाहेर काढून उभी होती बिचारी. सर्व्यायचं तोंड गोड केलं, तिचंच राहिलं होतं!"

दांडीवर गूळ-खोबरं घट्ट बसलं होतं. मुलीने आतून गरम पाणी आणून ओतलं, बटण टुपकन आत गेलं, आणि ती तोंडाला पदर लावून घरात पळाली. आतून हसणं ऐकू आलं, "कार्बोरेटर हाये म्हने!"

संपलं, असं मी धरून चाललो. वडील आत जाऊन तिला विचारून आले.

"पोरगी हो म्हनते. पन माही एक अट हाये जी. वरात रेंगीनं आना. बैल थांबते."

तर आमची वरात रेंगीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून गेली. कासरा मी हट्टाने माझ्याच हातात घेतला होता. मांडव आला. मी कासरा ओढला. बैल सासऱ्यांसमोरून सरळ पुढे गेले आणि थांबले ते थेट त्याच तणसाच्या ढिगात तोंड खुपसून. त्यांना निदान भूक तरी लागली होती!