निलेशचं नाव काढायचं न्हाई

मेलेल्या पोराचं नाव पुसायला निघालेत हे कंप्युटरवाले.

मला इचारलंबी न्हाई.

असो. राम राम समद्यास्नी. आज निलेशला जाऊन वरीस झालं.

मी हौसाबाई, रिहे गावची. दुसरीत शाळा सुटली. मी बोलते, फोन लिवतो. ही सोय निलेशनंच करून दिली, तवा चुका निघाल्या तर त्याच्या.

त्यो माझा भाडेकरू. परभणीकडचा. मागल्या खोलीत बसून दवाखान्यांचं सॉफ्टवेअर करायचा.

आमच्या हितं डोंगराआड रेंज येती नि जाती. एकदा इचारलं, "रेंज न्हाई तर काम कसलं करतुयास रं?"

"आज्जी, डेटाबेस माझ्या लॅपटॉपमध्येच चालतो. कंटेनरमध्ये. डबा समजा. त्यात खोटे पेशंट भरायचे, सॉफ्टवेअर चालवून बघायचं, डबा फेकायचा. मग परत तसाच नवा काढायचा."

"खोटे कशाला? खरे घे की."

"खऱ्या माणसांवर टेस्टिंग करू?"

हे मातुर पटलं.

आता खोट्या पेशंटला नाव लागतं. ह्या बाबानं माझं घातलं. माझी म्हस चंद्री, ती बाळंतिणीच्या वॉर्डात.

पेशंट मेल्यावर सॉफ्टवेअर नीट चालतं का, ते बघायला एक मरणारा पायजे. ती मी.

"मलाच का मारतुयास?"

"तुम्ही मरणाला भीत नाही म्हणून."

आणि सोता कोण? निलेश. साधा ताप. बरा झाला. घरी सोडला.

लबाड.

चहा घेऊन गेले की इचारायची, "आज मेले का रं?"

"सकाळपासून सारख्याच मरताय, आज्जी."

एकदा त्यानं घोळ घातला. आपल्या डब्याला जोडायच्या जागी लॅपटॉप हापिसच्या सर्वरला जोडलेला ऱ्हायला. तितनं खरे मेसेज जात्यात. नातेवाईक म्हणून त्यानं माझ्या लेकीचा, सुमनचा नंबर घातलेला.

सुमन पौडला दिलीया. तिच्या फोनवर मेसेज गेला. आपल्या रुग्ण हौसाबाई यांचे निधन झाले आहे.

फोन करून इचारायचं सोडून ही जीप करून आली. वळणापास्नं बोंबलत.

मी अंगणात मासं साफ करत बसलेली.

"आये! तू..."

"मी काय? ते मांजर हाकल आधी."

निलेश खोलीतनं बाहेर आला त्यो पांढराफटक. सुमननं चप्पल काढली हुती. मीच म्हटलं, ऱ्हाऊ दे, आधी जेवा दोघं. जेवताना तिनं त्याला जे काय सुनावलं ते हितं लिवण्यासारखं न्हाई.

तवापास्नं लॅपटॉप उघडला की त्यो खोलीतनं वरडून सांगायचा, "आज्जी, डब्यातच हाय!"

"मर मग," मी म्हणायची. म्हंजी मलाच.

गेल्या साली भाताची कापणी चाललेली. पौडच्या रस्त्याला त्याची गाडी घसरली. पुण्याला नेला.

फोन सुमनला आला. ती तवाबी जीप करूनच आली.

पर वरडत न्हाई आली. गुमान बांधावर हुबी ऱ्हायली. तवाच मला समजलं.

त्याची आई येऊन कपडे घेऊन गेली. लॅपटॉप कंपनीचा, त्यो आरती घेऊन गेली. आरती म्हंजी त्याच्या संगं काम करणारी पोरगी.

काल ती परत आलती, त्याचं वरीस म्हणून. चहा पिता पिता म्हणाली, "आज्जी, तुम्ही अजून रोज मरता आमच्याकडे."

निलेशनं केलेली नावांची फाईल कंपनीत हाय. तिला 'सीड' म्हणत्यात. म्हंजी बी. डबे फेकले तरी बी ऱ्हातं. कुणीबी आपल्या लॅपटॉपवर नवा डबा उघडला की मी, चंद्री नि निलेश उगवतोय.

मला बरं वाटलं. मग ती खाली बघून म्हणाली, "पण आमचे मोठे सर म्हणतात, निलेशचं नाव काढा, दुसरं टाका. बघवत नाही."

आरं वा.

सायेब, मी तुमच्या हितं रोज मरते, ते तुमाला चालतंय. चंद्री रोज वितीया, ते चालतंय. त्यो पोरगा रोज बरा होऊन घरी जातोय, तेवढंच बघवत न्हाई व्हय?

डोळे मिटा मग.

परभणीच्या घरी त्यो कसा गेला, ते मला ठावं हाय. तुमच्या डब्यात तरी त्याचा ताप उतरू द्या. घरी सोडा त्याला.

निलेश, तुजी खोली दुसऱ्याला दिलीया. रिकामी ठेवून काय करू? ऱ्हा सुखानं, असशील तितं.

खाली फुलं न् हात जोडल्याली चित्रं टाकू नगा कुणी. आरती, हे सायबाला दाव, पर त्याच्या वतीनं तूबी लिवू नगंस.

नाव काढा म्हणून जो बोलला, त्यानं सोता हितं लिवायचं. ठेवतोय का काढतोय. बाकी समद्यांनी गप ऱ्हायचं.