फिरवा आता
ग्रीसचा वास आला की मला वाळूजचं ते गॅरेज आठवतं. आमच्या जुन्या पिकअपचं स्टेअरिंग इतकं झिजलेलं, की वळण लांब असतानाच चाक फिरवावं लागायचं. शेजारी बसून मी ओरडायची, "फिरवा आता!" आमचे हे हसायचे, "तुझ्यावाचून ही गाडी वळायची नाय बघ." मग हे आजारपणात गेले, अन् लेकानं त्या गॅरेजात स्टेअरिंगचा बॉक्स बदलायला काढला. मी म्हणलं, "राहू दे की रे." मिस्त्री म्हणाला, "मावशी, कुणाचा तरी जीव जाईल." खरंच होतं त्याचं. नवा बॉक्स बसवून निघालो, बिडकीनचं वळण दिसलं, अन् माझ्या तोंडून निघालंच, "फिरवा आता!" लेक हळूच बोलला, "आई, आता नाय लागत." गाडी माझ्यावाचून वळली. ते दोन शब्द अजूनबी वळणावळणाला गिळते मी.