स्वल्प मेले

साठ सालाच्या आसपास बंगळूरच्या रेडिओ केंद्रात मी उमेदवारीवर लागलो, तेव्हा मला कन्नडचे दोनच शब्द येत होते: स्वल्प आणि सरी. थोडं आणि ठीक. तेवढ्यावर भाजी घेता येते, प्रक्षेपण सांभाळता येत नाही. पण माझ्या वरिष्ठ अभियंत्यांनी ते मला कधी जाणवू दिलं नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणे. माझ्याशी ते इंग्रजीतच बोलत.

नियंत्रण कक्षात लिमिटर नावाची पेटी होती. आवाज फार चढला की ती त्याला दाबून धरी. तिच्या बटणांभोवती अण्णांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. बातम्यांची वेगळी, नाटकाची वेगळी, वीणेची वेगळी. बातम्यांच्या खुणेवर वीणा लावली तर प्रत्येक झंकार चेपला जाई आणि मधल्या शांततेत खरखर उसळे. ती खरखर अण्णांना स्वतःचा अपमान वाटे. या खुणा त्यांनी पुस्तकातून घेतल्या नव्हत्या, वर्षानुवर्षं ऐकून मिळवल्या होत्या. तसा कान मी पुन्हा पाहिला नाही.

एका सकाळी एका वृद्ध बाईंची वीणा थेट जात होती. अण्णा पलीकडच्या खोलीत साध्या रेडिओवर, घरच्या श्रोत्यासारखे ऐकत होते. मी पेटीपाशी. फोन वाजला. ऐकण्याच्या नादात अण्णा इंग्रजी विसरले.

"स्वल्प मेले! मेले!"

मेले? वीणा बंद पडली? समोरचा काटा नीट हलत होता, पण अण्णांच्या कानापुढे काट्याचं कोण ऐकतो! मी फोन आपटला आणि अडीअडचणीसाठी ठेवलेली तबकडी सुरू केली. बाई आत तल्लीन, आणि साऱ्या गावाला सनई.

अण्णा धावत आले. तबकडी थांबवून त्यांनी वीणा परत आणली आणि बटण केसभर वर फिरवलं.

"मेले म्हणजे 'अप'," ते इंग्रजीत म्हणाले.

"अण्णा, आमच्या मराठीत मेले म्हणजे... 'डेड'."

ते हसून हसून खुर्चीत बसले. मला कुठलं हसू येतंय! उमेदवारीत अशी चूक म्हणजे नोकरीवर पाणी.

दुपारी साहेबांनी लेखी खुलासा मागितला. माझा लिहून होण्याआधीच अण्णांचा पोहोचला होता: 'नव्या माणसाला न कळणाऱ्या भाषेत सूचना दिली. चूक माझी.' माझी नोकरी राहिली. त्यांच्या स्वच्छ नोकरीतला पहिला शेरा मात्र माझ्यापायी पडला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा वीणा होती. फोन वाजला. अण्णा कँटीनमधल्या बेळगावच्या आचाऱ्याला मराठी शब्द विचारून आले होते, हे मला मागाहून कळलं.

"स्वल्प वर," ते म्हणाले.

काटा मला धड दिसेना. बटण मात्र मी केसभरच फिरवलं.

"सरी," अण्णा म्हणाले.