बेडूक, बुरशी आणि आमचे सर

फ्रीजरमध्ये नमुने साठतात तसे आमच्या लॅबमध्ये किस्से साठतात. फरक इतकाच, की किस्से नीट सापडतात.

मी डहाणूच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. बेडकांच्या कातडीला बुरशीचा रोग झालाय का, हे शोधायचा आमच्या सरांचा प्रोजेक्ट. बेडूक धरायचा, पोटावरून कापसाची काडी फिरवायची, काडी ट्यूबमध्ये, बेडूक परत पाण्यात. काडीवर बुरशीचा डीएनए आहे का, ते पीसीआर मशीन सांगतं.

*

परवानगीचा अर्ज वनखात्याच्या साहेबांनी दोनदा वाचला. बेडूक लगेच सोडणार, असं सर म्हणाले.

"मग पकडता कशाला?"

तीन महिन्यांनी परवानगी आली. सापांची.

*

कासाहून शेअर जीपने येत होते, मांडीवर बर्फाचा डबा. शेजारच्या काकांनी विचारलं, पापलेट का? बेडकांच्या अंगावरून फिरवलेल्या काड्या आहेत, असं मी खरं ते सांगितलं. डहाणूपर्यंत मी ऐसपैस बसून आले.

*

पहिल्याच तपासणीत सगळे नमुने पॉझिटिव्ह! सरांनी पेपरवाल्याला फोन लावला, नवा शर्ट घातला. मी रिझल्ट पुन्हा पाहिला. तुलनेसाठी नुसत्या पाण्याची एक ट्यूब ठेवतात. तीही पॉझिटिव्ह होती. म्हणजे घाण आमच्याच लॅबमधली. बोलावं तर नोकरी हंगामी. तरी बोलले.

सरांनी ती ट्यूब उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "पाणी कुठलं घेतलं होतंस?"

पेपरवाला चहा पिऊन गेला. सगळं धुऊनपुसून परत तपासलं, तर एकाही बेडकाला रोग नाही. सरांना फार वाईट वाटलं.

*

नवे नमुने घ्यायला तलासरीकडच्या एका पाड्यावर गेलो. तिथल्या लाडकीमावशींचं ओहोळाकाठी भाताचं शेत. बेडूक धरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. सरांनी त्यांना समजावलं, की ही बुरशी ओल्या हातांबरोबर, चिखलाबरोबर एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते, म्हणून दर बेडकाला नवे हातमोजे.

मावशींनी मोजे घातले. मग खाली पाहत विचारलं, "सकाळी त्या पल्याडच्या तळ्यात उतरलात, ते बूट हेच ना?"

सरांनी बूट काढले. मावशींनी ते घासून धुतले, लांब खडकावर उन्हात ठेवले आणि म्हणाल्या, "सुकू द्या. तोवर बसा, सर."

सर बसले. मावशींनी पहिला बेडूक माझ्यापुढे धरला.